अठ्ठ्याहत्तर चालू

पाटणकर मॅडमचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या वजनकाट्याला बोलायला शिकवत होतो. कुणी डबा ठेवला की काटा म्हणायचा, "अहो, डबा ठेवा, स्वतः उभे राहू नका." दोन बायका भांडून गेल्या होत्या आणि गिरणीवाला बाबू हातात झाडू घेऊन मला शोधत होता. त्यामुळे फोन मी काउंटरखाली बसून घेतला.

"म्हेत्रे, बत्तीस नोंदी अडकल्यात."

"कशात?"

"नव्या यादीत. टाइप मिसमॅच. शुक्रवारी सकाळी तपासणी आहे, त्याआधी साफ हवं."

"दहा मिनिटांचं काम मॅडम. तुम्ही चहा प्या, तोवर झालं."

मी दिगंबर म्हेत्रे, इचलकरंजीत डेटा दुरुस्तीचं दुकान चालवतो. पूर्वी गल्लीत माग दुरुस्त करणारे फिटर असायचे, तसा मी. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, पुढं जायचं. आणि पाटणकर मॅडम म्हणजे पुण्याच्या 'सांजसोबत' कंपनीच्या मुख्य बाई. साठी उलटली तरी निवृत्त व्हायला तयार नाहीत. बोलणं इस्त्री केल्यासारखं. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, उन्हाळ्यातसुद्धा.

सांजसोबत काय करते ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण एकदा सांगतो. मनगटाला पट्टा. पट्टा हृदयाचे ठोके मोजतो. म्हणजे किती पडले ते नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते. जिवंत हृदय जरा लहरी असतं. चालताना, चिडताना, झणझणीत मिसळ खाताना त्याची लय हलते. माणूस संपत आला की लय घड्याळासारखी एकसुरी होते. लाखो माणसांच्या ठोक्यांवर शिकलेलं मशीन ही लय आणि वय एकत्र बघतं आणि एक आकडा काढतं: उरले. किती दिवस उरले. आकडा चाळीसवर आला की मशीन मोजायचं थांबतं. मग नुसता रोज एक वजा.

रोज पहाटे मशीन नोंदींच्या ढिगाला एकच प्रश्न विचारतं. वय साठ किंवा जास्त, आणि उरले चाळीस किंवा कमी, असे कोण कोण? ज्यांची नावं येतात त्यांच्या घरी शाल जाते. पारव्या रंगाची, मऊ सुती, आमच्याच गावच्या मागावर विणलेली. सोबत एक पत्र, फार गोड भाषेतलं, आणि त्या दिवसापासून आकडा पट्ट्यावरही दिसायला लागतो. मुलं अमेरिकेतून येतात. डॉक्टर तपासण्या थांबवतात, उगाच सुया कशाला टोचायच्या म्हणून. माणूस शाल पांघरून दारात खुर्ची टाकून बसतो. आणि चाळीस दिवसांच्या आत जातो.

न चुकता जातो.

आमच्याकडं आता "कसे आहेत आजोबा?" असं कुणी विचारत नाही. "शाल आली का?" असं विचारतात.

तर मी नोंदी उघडल्या. हा डेटाबेस नव्या पद्धतीचा, ढगात, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेला. जुने डेटाबेस किराणा दुकानातल्या खणांसारखे असायचे, तूरडाळीच्या खणात तूरडाळच. हा म्हणजे लग्नघरातली सामानाची खोली. पातेलं टाका, गादी टाका, नवऱ्यामुलाचा बूट टाका, खोली काही बोलत नाही. गंमत शोधायला गेल्यावर होते. तुम्ही म्हणालात "साठपेक्षा मोठी वयं आण," तर मशीन फक्त आकड्यांकडं बघतं. जिथं वयाच्या जागी शब्द आहेत तिथं ते चूक म्हणत नाही, बोंबलत नाही. त्या नोंदीवरून नुसतं पुढं सरकतं, जणू ती नाहीच. आता कंपनीनं नवी यादी बांधायला घेतली होती आणि ती कडक होती. तिला वय आकडाच हवा होता, शब्द दिसला की टाइप मिसमॅच. म्हणून तीन वर्षं गुपचूप पडलेल्या बत्तीस नोंदी एकदम उघड्या पडल्या.

वयाच्या रकान्यात काय होतं? "७६ चालू". "८१ चालू". "७८ चालू". एक सोडून सगळ्या कांडीवाल्यांच्या गल्लीतल्या.

मला हसू फुटलं, कारण हे पाप माझंच. तीन वर्षांपूर्वी तो फॉर्म मी बनवला होता आणि वयाचा रकाना मोकळा सोडला होता. त्या गल्लीत माहिती भरायला गेलेली रेश्मा मुजावर मला म्हणाली होती, "काका, तिथली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. पंच्याहत्तर पूर्ण लिहिलं तर भांडतात. म्हणतात, शहात्तर चालू लिही." मी म्हणलं, "सांगतील तसं लिही. तीन पिढ्या मागावर काढलेली माणसं आहेत, त्यांच्याशी वाद घालू नको."

आणि बत्तिसावी नोंद? दिगंबर म्हेत्रे, वय "९९ चालू". फॉर्म चालतो का बघायला मीच भरली होती, पट्टासुद्धा बांधला होता. तो मनगटावर तसाच राहिला, नोंद मी विसरून गेलो होतो. खरं वय त्रेपन्न.

हसत हसतच मी शेजारचा रकाना बघितला, वय वाचता आलं नाही तरी मशीन नुसत्या लयीवरून भरतं तो. उरले.

उणे २१२. उणे ९०. उणे ३४७.

मी चष्मा पुसला. हौसाबाई म्हेत्रे, वय "७८ चालू", उरले उणे ४०३.

हौसाआत्या. माझ्या बापाची बहीण. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं, कांड्या भरून. बॉबिनवर सूत गुंडाळायचं, ते मागावाल्याला द्यायचं, पुन्हा नवीन. मला थापा मारायला तिनंच शिकवलं. मशीनच्या हिशोबानं ती तेरा महिन्यांपूर्वी मेली होती.

दुकानाला कुलूप न लावता मी पळालो.

गल्लीत माग चालू होते, खटाखट खटाखट. हौसाआत्या कट्ट्यावर पत्ते खेळत होती. समोर दत्तू लाटणे, वय एक्क्याऐंशी चालू, उरले उणे ३४७.

"काय रं दिग्या, धापा कशाला टाकतोयस? बाबू मागं लागलाय व्हय?"

"आत्या, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? हा दत्तू बघ, पानं लपवतोय ढुंगणाखाली."

"लपवतोय कुठं? म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही, म्हणून बसलोय पानांवर."

"म्हातारं माणूस म्हणं. काल वडे किती चापलंस?"

मी दोघांच्या मनगटांकडं बघितलं. पट्टे होते, मळलेले, दोऱ्यानं शिवलेले. आजूबाजूला आणखी दहा-बारा जण बसले होते. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी कुणाला शिव्या देत होतं. सगळ्यांचे आकडे मला पाठ झाले होते. भर दुपारी, लख्ख उन्हात, बारा मेलेली माणसं शेंगा खात होती आणि टरफलं माझ्या चपलेवर उडत होती. 

दुकानात परत येऊन मी बाकीचा ढीग चाळला. शहरात अकरा हजार पट्टे. ज्यांचं वय आकड्यात होतं त्यांच्यात गेल्या दोन वर्षांत एकही उणे नव्हता. एकसुद्धा माणूस शून्याच्या खाली गेला नव्हता. मग सगळ्यात जुन्या नोंदी काढल्या, पहिल्या वर्षाच्या. तेव्हा मशीन नुसतं शिकत होतं, शाल सुरू व्हायची होती. तिथं उणे आकडे ढिगानं. पाचातली दोन माणसं मशीनला खोटं पाडून जगत होती.

मग शाल सुरू झाली. डॉक्टरांनी हात आखडला, पोरं रडली, माणूस खुर्चीत बसला, जेवेना. ठोके एकसुरी झाले. गेला. मशीन म्हणालं, बघा, बरोबर होतं माझं. आणि त्या मरणावरून पुढचं शिकलं. दोन वर्षांत ते इतकं हुशार झालं की चुकायचंच बंद झालं.

फक्त एक गल्ली त्याला सापडली नव्हती.  तिथं शाल गेलीच नव्हती.

मी पाटणकर मॅडमना व्हिडिओवर घेतलं आणि सगळं सांगितलं. 

"उणे आकडे म्हणजे नोंद बिघडलीय," त्या म्हणाल्या.

"मी बघून आलो, मॅडम. जिवंत आहेत. पत्त्यात लबाडी करतायत."

"मग पट्टे दुसऱ्याच कुणाच्या हातात असतील. म्हेत्रे, आपली अचूकता नव्याण्णव पूर्णांक सात आहे. तुम्ही फक्त टाइप दुरुस्त करा."

"आणि नाही केला तर?"

"तर शुक्रवारी आपोआप होईल. नवं साधन बसवलंय. रकान्यातला आकडा उचलतं, बाकीचे शब्द टाकून देतं." त्यांनी उजव्या हातानं डावी बाही मनगटापर्यंत ओढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लोकांना कळलेलं बरं असतं, म्हेत्रे. तयारी करता येते."

म्हणजे मी हातावर हात ठेवून बसलो तरी शुक्रवारी "७८ चालू"चं अठ्ठ्याहत्तर होणार. आत्याचे उणे चारशे तीन हे चाळीसपेक्षा कमीच. शनिवारी एकतीस शाली गल्लीत. दत्तू लाटणे शाल पांघरून दारात बसणार. आत्याचे पत्ते कट्ट्यावर तसेच पालथे.

मी गुरुवारभर डोकं खाजवलं. मग आकड्याऐवजी शब्द बोलणाऱ्या बाबूच्या काट्याकडं बघितलं आणि सुचलं.

ते साधन आकडा शोधतं ना? मग आकडाच ठेवायचा नाही. वय मी सरळ करून दिलं. ७८, ८१, ७६, छान आकडे, कंपनीला पाहिजेत तसे. पण उरलेच्या रकान्यात एकतीस जणांना एकच शब्द लिहिला: चालू. नुसता शब्द. साधनाला त्यात आकडा सापडणार नाही, ते रकाना रिकामा सोडेल. आणि रिकामा रकाना यादीत चढतच नाही, चूकही दाखवत नाही. रोज एक वजा करायचा म्हणलं तर कशातून करणार? रिकाम्यातून एक वजा करून बघा तुम्ही.

एक अडचण होती. बत्तीस नोंदी दुरुस्त झाल्या आणि यादीत एकही नवं नाव चढलं नाही, तर पाटणकर मॅडमना वास येणार. एक तरी शाल जायला हवी होती.

बत्तिसावा मी होतो.

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. मी त्रेपन्नचा, दगड पचवणारा. मशीन मला नव्याण्णवचा समजणार, त्याच्या हिशोबात बसेल तो आकडा काढणार आणि मला शाल पाठवणार. आयुष्यात याहून चांगली थाप मी मारली नव्हती. माझं वय ९९ केलं. मशीननं क्षणभर विचार केला. उरले ३९.

शुक्रवारी मॅडमचा फोन. "बत्तीसमधून एकच?"

"बाकीचे दणकट आहेत मॅडम."

"आणि हा एक... तुमचंच नाव दिसतंय."

"नावं काय, सारखी असतात."

 "ठीक," त्या म्हणाल्या.

सोमवारी शाल आली. बायकोला, वैजयंताला, मी सगळं आधीच समजावलं होतं. थाप आहे, वय खोटं, आकडा खोटा. ती म्हणाली, "कळलं की. मी काय खुळी आहे?" मग तिनं शाल घडी न मोडता कपाटात ठेवून दिली. रात्री मी साधं खोकलो तर ताडकन उठून बसली.

मंगळवारी दुकानात गेलो. काटा अजून बोलत होता, पण बाबू झाडू घेऊन आला नाही. म्हणाला, "राहू दे, दिगूशेठ. चांगलं बोलतंय." आवाज मऊ. मला शेठ कधी म्हणाला नव्हता.

दहाव्या दिवशी पोटात जळजळ म्हणून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पडद्यावर माझं नाव बघितलं आणि स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवला. "जे आवडतं ते खा," म्हणाले. बास. पोट बघितलंसुद्धा नाही.

"अहो डॉक्टर, वय चुकलंय त्यात. मी नव्याण्णवचा दिसतो का?"

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

ती थाप माझी होती. रकाना मी भरला होता, माझ्या बोटांनी. तरी विसाव्या दिवशी मिसळ जाईना. पंचविसाव्या दिवशी मी पट्ट्यावर १४ वाचलं आणि छातीत काहीतरी सरळ झालं. दुखलं नाही. नुसतं सरळ झालं, एकसारखं, टक, टक, टक. बाहेर माग चालू होते तेही मला दूरचे वाटायला लागले. मी दारात खुर्ची कधी टाकली, आठवत नाही. शाल ऊबदार होती. फार चांगली विणली होती.

वैजयंतानं आत्याला बोलावलं. आत्या आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे काय नाटक?"

"आत्या, मला माहितीय सगळं. तरीबी हुतंय."

"माहितीय म्हणं." तिनं चोळीतून कातर काढली, शालीचा काठ कापला, आडवं सूत चिमटीत धरलं आणि ओढलं. सर्रकन निघालं. दुसऱ्या हातात रिकामी कांडी होती, तिच्यावर गुंडाळायला लागली. "आमच्या गावचं सूत. वाया कशाला जाऊ द्या? धर टोक. ताण नीट ठेव, ढिलं सोडलंस तर कानाखाली वाजवीन."

रोज ती यायची आणि एक वीत शाल उसवायची. मी टोक धरायचो. सूत गुंतलं की शिव्या. मी शिव्या दिल्या की दुप्पट शिव्या. छत्तिसाव्या दिवशी तिनं माझ्या चहात मीठ घातलं आणि मी इतका भडकलो की छातीतलं ते एकसुरी टकटक मोडलंच. धडधड, धड, धडधड. लहरी.

"वय किती रं तुझं?" तिनं विचारलं.

"त्रेपन्न."

"त्रेपन्न काय?"

"पूर्ण."

"मग पुढं काय चालूय ते सांग की. पूर्ण झालेलं काय सांगतोस, मढं मोजल्यागत."

पट्ट्यावर शून्य आलं त्या दिवशी शाल वीतभर उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंता बँकेत गेली, तर मशीन तिला म्हणालं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." दुकानाचं शटर माझ्या बोटाला उघडेना. मी घरी येऊन नोंद उघडून बघितली. दिगंबर म्हेत्रे, उरले उणे १. आणि खाली, कुणी हात न लावता, मशीननं स्वतःच भरलं होतं: मयत. यादीतला माणूस शून्याखाली गेलेला त्यानं कधी बघितलाच नव्हता. त्याला माणूस चुकला असं वाटलं, म्हणून त्यानं माणूस दुरुस्त केला. अचूकता जिथल्या तिथं.

मी जाम हसलो. मग थांबलो, कारण घरात कुणीच हसत नव्हतं.

तेवढ्यात वैजयंताचा फोन वाजला. पाटणकर मॅडम. सांत्वनाला. मी उचलला.

"वहिनी, मी पाटणकर बोलतेय. म्हेत्रे गेल्याचं आत्ताच यादीत..."

"हो का? किती वाजता गेले?"



"कोण... कोण बोलतंय?"

"म्हेत्रे."

त्या किंचाळतील असं वाटलं होतं. मी वाटच बघत होतो. पण त्या फोन ठेवेनात. माझ्या बाजूची मागांची खटाखट त्यांना पुण्यात ऐकू जात असणार.

"म्हेत्रे," त्या म्हणाल्या. आवाजातली इस्त्री मोडली होती. "म्हणजे त्या गल्लीचं जे तुम्ही सांगत होतात... ती माणसं अजून..."

"पत्ते खेळतायत."



"काल माझी शाल आली."

मी खुर्ची ओढली. मेलेल्या माणसाचा पासवर्ड कुणी बंद केला नव्हता, पडदा उघडाच होता. तिथं त्यांचं नाव शोधलं. होतं. उरले ३६.

"मॅडम, वय सांगा."

"एकसष्ट. एकसष्ट पूर्ण."

"पूर्ण झालेलं नको. पुढचं सांगा."

आत्या माझ्यासमोर शालीचं शेवटचं सूत कांडीवर गुंडाळत होती. तिनं मान वर करून फोनकडं बघितलं आणि हात थांबवला. पलीकडून बाई नाक ओढत होत्या. मी बोटं उरलेच्या रकान्यावर ठेवून थांबलो.

"बासष्ट," त्या म्हणाल्या. मग, पहिल्यांदाच बोलायला शिकल्यासारखं, "चालू."